दिव्याखालचा गहू

मर्गिलानच्या त्या गल्लीत नवरोजच्या सुमलकसाठी, म्हणजे मोडांच्या रसाच्या गोड लापशीसाठी, गव्हाला मोड आणायचं काम सत्तावीस वर्षं होसियतकडे होतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. गहूही असा की तान्ह्या लेकरासारखा जपावा. भिजवलेल्या दाण्यांना अंधारात पांढरेशुभ्र मोड फुटायला हवेत. उजेड लागून ते हिरवे पडले की संपलं सगळं. मग त्यांचा रस काढा, पीठ घाला, गल्लीतल्या सगळ्या बायका आळीपाळीने दिवसरात्र ढवळा, कढई कडू ती कडूच. म्हणून होसियत गव्हाच्या खोलीत काडीसुद्धा पेटवत नसे. संध्याकाळची नमाज झाली की अंधारात चाचपडत जायची, हाताने पाणी शिंपडायची आणि तशीच मागे फिरायची.

यंदा तिच्या कोठारात उंदरांनी उच्छाद मांडला. मग गव्हाच्या परातींना जागा कुठे? अंगणाच्या टोकाला एक खोली होती, पण तिथे तिच्या सुनेने, मोहिदिलने, वेगळाच संसार थाटलेला. लोखंडी मांडणी, तिच्या वरच्या खणांत टोमॅटो-वांग्याची रोपं आणि डोक्यावर दिवे. बाहेर अजून बर्फ पडायचं, पण मोहिदिलची रोपं फेब्रुवारीतच दोन पानांवर आलेली.

आधी रशियातून नवऱ्याने तिला जांभळा दिवा पाठवला होता. तो लागला तेव्हा होसियतने कपाळावर हात मारला होता. "अगं बाई, ही खोली आहे की लग्नाचा हॉल? आता पाहुणे यायचे तेवढे बाकी आहेत!"

मोहिदिल सासूला ओयी म्हणायची. हसत म्हणाली, "ओयी, मलाही नाही आवडला. ह्या उजेडात पान पिवळं पडलंय की करपलंय, काही कळत नाही. सगळं आपलं जांभळंच." मग तिने बाजारातून साध्या पांढऱ्या ट्यूब आणल्या. त्या छताला टांगल्या तर रोपं माना ताणून ताणून लोळायला लागली, म्हणून रोपांच्या वर वीतभरावर आणल्या. पानांशी तळहात धरून बघायची, हाताला गरम लागलं की ट्यूब बोटभर वर. रोज चौदा तास उजेड द्यायचा, बाकी वेळ रोपांना झोप.

"रोपांना झोप! आणि सासूला पहाटे चहा कोण देणार?" होसियत म्हणाली होती. पण सून गुणाची होती, हे ती मनातल्या मनात कबूल करायची. तोंडाने कधी नाही.

गव्हाला मोड फुटायच्या बेताला मोहिदिल तीन दिवस माहेरी गेली. दिवे लावणारी गेली म्हणजे खोलीत अंधार, एवढा साधा हिशेब होसियतने केला. नमाजेनंतर तिने तिन्ही पराती नेल्या आणि मांडणीच्या रिकाम्या खालच्या खणात सरकवून वर पातळ फडकं घातलं. खिडकीला थंडीसाठी गोधडी लावलेली, दाराला जाड लोकरी नमद्याचा पडदा. याहून चांगला अंधार कुठे मिळायचा? दुसऱ्या संध्याकाळी ती अंधारात गेली, पाणी शिंपडलं, बोटांना मोड लागले तशी खूश होऊन परतली. तिसऱ्या संध्याकाळीही तेच.

चौथ्या दिवशी सकाळी ती मोड बघायला गेली. पडदा बाजूला केला आणि तिचे डोळेच दिपले. खोली लख्ख उजळलेली, एकूण एक ट्यूब चालू, खालच्या खणाचीसुद्धा. मोहिदिलने जाताना टायमर बसवला होता. दिवे पहाटे चारला आपोआप लागत आणि संध्याकाळी सहाला विझत. होसियतने फडकं उचललं. खाली गहू कुरणासारखा हिरवागार.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवरोज पाच दिवसांवर. सत्तावीस वर्षांचं नाव तीन परातींत मातीला मिळालं होतं. ती पराती उचलून कोंबड्यांकडे निघाली, आणि नेमकी तेव्हाच समोरची सबोहत चाळण मागायला दारात हजर. या सबोहतचा गव्हावर कितीतरी वर्षांपासून डोळा होता. गल्लीतल्या इतर बायकांसारखी तीही होसियतला ओपा, म्हणजे ताई, म्हणायची.

"अगं बाई, होसियत ओपा! हा काय सुमलकचा गहू?"

होसियतची जीभ तिच्या आधी धावली. "काय सांगू बाई! सुनेने दिवे चालू ठेवले आणि गेली माहेरी. माझ्या गव्हाची माती केली पोरीने."

बोलली आणि मनात चरकली. पण शब्द बाहेर पडला होता, आणि सबोहतच्या कानात पडलेला शब्द चहा उकळायच्या आत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचतो.

दुपारी मोहिदिल परतली ती पडल्या चेहऱ्याने. गल्लीच्या तोंडाशीच तिला सगळं ऐकवण्यात आलं होतं. होसियत चुलीशी पाठ करून बसली. आता ही भांडेल, विचारेल, की पराती तिथे ठेवल्या कुणी? भांडली असती तर बरं झालं असतं.

"टायमरचं तुम्हाला सांगून जायला हवं होतं, ओयी," मोहिदिल एवढंच म्हणाली. "घरात गहू आहे अजून?"

"आहे. पण ह्या थंडीत पाच दिवसांत काय होणार? कोठारात आठ दिवस लागतात."

"कोठारात लागतात. गव्हाला आता उजेड नको, ऊब हवी. दिव्यांची सगळी ऊब मांडणीच्या माथ्यावर जाते. रोज हात लावून बघते ना मी."

तिने गहू कोमट पाण्यात भिजवला. मांडणीच्या माथ्यावर, शेवटच्या ट्यूबच्याही वर, जाड फळी टाकली. त्यावर पराती, आणि पराती झाकायला स्वतःचा काळा हिवाळी कोट, फटीफटीत दाबून. खाली रोपं उजेडात, वर गहू अंधारात. होसियत दिवसातून चारदा स्टुलावर चढून कोटाखाली हात घाली. दाणे उबदार लागायचे. चौथ्या दिवशी मोडांची पांढरी जाळी अशी विणली गेली की परातीतून चटईसारखी उचलता येईल. इतके सुरेख मोड तिच्या हातून कधी आले नव्हते, आणि ते तिला लागलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोड वाटून रस काढायला गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या. कढई चुलीवर चढलेली. पराती बाहेर आल्या तसा एकच गलका झाला.

"वा, होसियत ओपा! दूध म्हणावं की गहू?"

"ओपांचाच हात तो! दुसऱ्याला जमायचं नाही!"

मोहिदिल मोड धुवायला पुढे झाली, तशी सबोहत म्हणाली, "अगं, तू लांबच राहा बाई. तुझा हात लागला की परत हिरवं व्हायचं!"

बायका फिदीफिदी हसल्या. मोहिदिलने हात मागे घेतला, झग्याला पुसला आणि लाकडं आणायच्या निमित्ताने वळली. पाच दिवस हे असंच चाललं होतं, बाजारात, नळावर. अन् पाच दिवसांत तिने एकदाही म्हटलं नव्हतं की पराती मी ठेवल्या नव्हत्या.

होसियतने समोरची परात बाजूला सरकवली. एवढ्या बायकांसमोर कबूल करायचं, सत्तावीस वर्षांनी! गप्प बसलं तर कुणाला काय कळणार होतं? पण मोहिदिलची ती वळलेली पाठ तिला बघवेना.

"थांब गं पोरी," ती म्हणाली, आणि मग बायकांकडे वळली. "ऐका. गहू दिव्याखाली मी ठेवला. मी, ह्या हातांनी. तिला न विचारता. तो हिरवा गहू माझा होता, कोंबड्यांनी खाल्ला. हा पांढरा आहे ना, हा हिचा आहे. मी तुमच्याजवळ खोटं बोलले."

 मग सबोहतने विचारलंच, "म्हणजे पुढच्या वर्षी गहू माझ्याकडे?"

"तिला विचार," होसियत म्हणाली. "आता गहू तिचा. मी पाणी शिंपडेन, तिने सांगितलं तर."

पाच दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली मोहिदिल तिथेच, लाकडांच्या ढिगाजवळ, हमसून हमसून रडायला लागली. होसियत उठली, तिचा हात धरून परातीशी घेऊन आली आणि सगळ्यांच्या आधी तिच्या हातात मोडांची पहिली चटई दिली.