पहिला शब्द कुणाचा

माझ्या सुनेचं पुस्तकांचं दुकान आहे. दारातल्या फळ्यावर ती महिन्याचे कार्यक्रम लिहिते: गुरुवारी लेखिकेशी गप्पा, शनिवारी मुलांना गोष्टी, रविवारी मूकवाचन. मूकवाचन म्हणजे दहा माणसांनी एकत्र येऊन तासभर एकमेकांशी बोलायचं नाही. एवढ्यासाठी घराबाहेर कशाला पडायचं? आमच्या कुटुंबात हा कार्यक्रम सात वर्षं चालू आहे.

माझी आणि थोरल्या जाऊबाईंची बोलचाल बंद. सासऱ्यांच्या आजारपणात मी इकडची काडी तिकडे केली नाही, असं त्या चारचौघांत बोलल्या. मी ठरवलं, आता पहिला शब्द त्यांचाच. महिनाअखेर त्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार, असं कानावर आलं, तरी मी हलले नाही.

रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून सुनेनं मलाही बसवलं. आणि समोर येऊन बसल्या कोण, तर जाऊबाई!

घंटी वाजली. आता ही बाई नियमानं गप्प की रागानं गप्प, ओळखायचं कसं? मी पुस्तक उघडलं. माझा चष्मा घरी. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. माया म्हणावी, तर मी तिसरीत शाळा सोडली हे त्यांना पाठ. टोमणा म्हणावा, तर स्वतः बिनचष्म्याच्या बसून राहिल्या. मी तो लावला. एकच पान चारदा वाचलं, एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ.

तास संपला. सगळे बोलायला लागले, आम्ही दोघी सोडून. मी चष्मा परत सरकवला. त्या उठल्या आणि माझ्यादेखत सुनेला म्हणाल्या, "गुरुवारी लेखिकेला ऐकायला मी येणार आहे. तुझ्या सासूला सांग, शेजारची खुर्ची धरून ठेव म्हणावं."

सून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "सहाच्या ठोक्याला या! खुर्ची धरायला मी काय तुमची नोकर आहे?"

"सहाला पाच कमी असताना येते," असं म्हणून त्या निघाल्या.

सून म्हणते, "आई, पहिलं तुम्हीच बोललात." मी म्हणते, त्या बोलल्या. गुरुवारी पाचपासूनच एका खुर्चीवर मी आणि दुसरीवर माझी पिशवी असणार आहे, पण त्याआधी हे काय ते ठरायला हवं.