बुडाला म्हणायचं नाही

"गेला... गेला... गेला हो!"

समुद्राच्या रेषेवर सूर्याची शेवटची तांबडी कड दिसेनाशी झाली आणि चौकातल्या गर्दीतून एकच हुंदका उठला. बायकांनी पोरं पोटाशी धरली. कुणी मटकन खाली बसलं. "बुडा..." एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, तोच शेजारच्या दोघांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बुडाला म्हणायचं नाही, आजोबा! लांब गेला म्हणायचं."

"बरं बाबा, लांब गेला," आजोबा ओशाळून म्हणाले. "जन्माची सवय. जीभ वळते तिकडेच."

किनाऱ्यावरच्या सगळ्यात उंच इमारतीच्या पायऱ्यांवर सूर्यरक्षक उभे होते. पायघोळ पांढरा झगा आणि लोण्यात बोट घालून काढावं तसा आवाज. "घाबरू नका," ते म्हणाले, आणि लगेच घाबरवायला लागले. "धरती ताटासारखी सपाट आहे. वर सूर्य नावाचा दिवा टांगलेला आहे. तो जवळ आला की दिवस, लांब गेला की रात्र. इतकं सोपं! पण दिव्याची दोरी सैल झालीय. रोज तो थोडा जास्त लांब जातो. एके दिवशी जाईल तो जाईल. मग कायमची रात्र! पिकं नाहीत, ऊब नाही, शेजारच्या माणसाचं तोंड दिसणार नाही. त्याला कोण धरून ठेवणार?"

"आम्ही!" गर्दी ओरडली.

"कशानं?"

"नजरेनं!"

त्या दिवशी निवडलेल्या मंडळींना घेऊन रक्षक लिफ्टकडे निघाले. त्यांत ती होती. ती म्हणजे कुणी मोठी बाई नव्हे. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणारी, दिवेलागणीला देवापुढे वात लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी एक साधी आई. तिला आत घेतलं, कारण तिची लेक 'मुख्य धरणारी' होती, रोज सगळ्यांत जास्त वेळ सूर्याकडे टक लावून बसणारी.

"डोळे मिटा," रक्षक म्हणाले. लिफ्ट सुटली. कानांत दडे बसले. सगळे एका सुरात पुटपुटत होते, "परत ये, परत ये." तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. दार उघडलं.

"बघा!"

पश्चिमेच्या भल्यामोठ्या काचेपलीकडे सूर्य होता! आत्ता, खाली, तिच्या डोळ्यांदेखत गेलेला सूर्य! पाण्यावर कापलेल्या फोडीसारखा लालभडक बसला होता. एका माणसानं जमिनीवर लोटांगण घातलं. तिचेही हात जोडले गेले. तोंडातून देवाचं नाव निघालं आणि अंगावर सरसरून काटा आला. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

रक्षकांनी तळहात पुढे केला. "जा आता. दमलास." आणि सूर्य निमूटपणे खाली गेला. सुटलेल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवावा तसाच हा हुकूम होता, पण ते कळायला डोकं ठिकाणावर लागतं. त्या क्षणी तिथे कुणाचंच नव्हतं.

तिनं लेकीकडे पाहिलं. लेक सगळ्यांत पुढे उभी होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पापणी लवत नव्हती.

लेक घड्याळं दुरुस्त करायची. हात इतका नाजूक की दुकानदार म्हणायचा, "हिच्या बोटांना डोळे आहेत." दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून तिनं एक बायकी मनगटी घड्याळ घरी आणलं होतं. आईनं चहा ठेवता ठेवता पाहिलं, तर लेक पांढऱ्या फडक्यावर चाचपडत होती. बारीक स्क्रू तिच्या नाकासमोर पडला होता.

"हा काय इथे!"

"कुठे?" लेकीनं मान तिरकी केली, कोंबडी बघते तशी. "हां. बाजूनं दिसतोय."

"बाजूनं म्हणजे?"

लेकीनं फडकं सारखं केलं. मग जवळजवळ अभिमानानं म्हणाली, "मधोमध डाग दिसतो, आई. जिथे बघेन तिथे. रक्षक म्हणाले, ती सूर्यानं केलेली खूण आहे."

आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. "कधीपासून?"

"झाले काही दिवस. तुझा चेहरा बघते ना, तर कान दिसतात, केस दिसतात. मधे डाग."

आपल्या पोटच्या पोरीला आपलं तोंड दिसत नाही! आईनं गॅस बंद केला, तिला हाताला धरून तसंच इस्पितळात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चादरींमुळे ओळखीच्या. त्यांनी तपासलं आणि आईला बाहेर बोलावलं.

"सूर्याकडे टक लावून बघत होती? पडदा भाजलाय आतून. आजपासून थांबली तर काही अंशी भरून येईल, वेळ लागेल. पण पुन्हा बसली तशी, तर मी काहीही करू शकणार नाही."

"थांबेल," आई म्हणाली.

पण लेक थांबायला तयार नव्हती. घरी येताच तिनं आईचे दोन्ही हात धरले. "उद्या महाधारणा आहे. भर दुपारपासून मी एकटी पुढे बसणार. मी नजर काढली आणि दोरी तुटली तर? आई, अंधारात तुझा श्वास कोंडतो, मला माहीत नाही का? कायमची रात्र झाली तर तू कशी राहशील?"

म्हणजे पोर डोळे जाळत होती ती आईसाठी! आई जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली. तिथे भूगोलाच्या बाई राहायच्या. नोकरी संपली तरी सगळी चाळ त्यांना 'बाई'च म्हणायची.

सगळं ऐकून बाई आधी हसल्या. "सपाटबुवा म्हणा की त्याला! लोकांना अगदी सपाट करून टाकलंय." मग डोळ्यांचं ऐकलं आणि हसू मावळलं. "टेबलावर दिवा फिरवून दाखवतो ना तो?"

"हो. अंधाऱ्या खोलीत. दिवा एका टोकाला नेला की दुसरं टोक काळोखात जातं."

"दिव्याला टोपी असते?"

"असते. पत्र्याची."

बाईंनी टेबलावरचा दिवा लावला, खोलीतला बंद केला आणि दिव्यावरची टोपी उपसून काढली. दिवा टेबलाच्या कडेला धरला. दुसरं टोक जरा फिकट झालं, पण लख्ख दिसत होतं. "काळोख कुठाय? सपाट ताटावर दिवा कितीही लांब न्या, मधे आडोसा नसेल तर तो दिसणारच. लहान लहान होत जाईल, ठिपका होईल. काल तुम्हाला सूर्य लहान होताना दिसला?"

"नाही. होता तेवढाच. फक्त खालून कापला गेला."

"खालून! म्हणून तर आपली माणसं 'बुडाला' म्हणतात. लांब जाणारं माणूस लहान होतं, बुडणारं माणूस पायाकडून नाहीसं होतं. आता कळलं, त्या शब्दावर बंदी का?"

"पण बाई, मी परत आलेला पाहिला! या डोळ्यांनी!"

"पाहिलातच. तो परत आला नाही, तुम्ही वर गेलात. पृथ्वीचा फुगवटा सूर्याच्या आड येतो. उंच चढलं की फुगवट्यावरून पलीकडचं आणखी थोडं दिसतं. लिफ्ट झपाट्यानं गेली, म्हणून तुम्ही सूर्याला गाठलंत. धरती ताटासारखी असती ना, तर हा चमत्कार त्याला साधलाच नसता! गोल पृथ्वीच्या जिवावर सपाट पृथ्वी विकतोय गुलाम." बाई एकदम थांबल्या. "वर आधी जाऊन थांबलं तर चालतं?"

"छे! तो तर मोठा नियम. आधी वर कुणी थांबलं की दिव्याची वाट अडते म्हणे."

"मग तिथेच थांबा," बाई म्हणाल्या. "आज. लेकीला घेऊन."

लेक ऐकेना. शेवटी आई म्हणाली, "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एक संध्याकाळ दे."

त्या उंच मजल्यावर दिवसभर कुणीही जाऊ शके. दोघी वेळेआधीच वर पोचल्या. समोर पश्चिमेची काच, मागे पांढरी भिंत, भिंतीच्या टोकाला पूर्वेची खिडकी. आईनं लेकीला सूर्याकडे पाठ करून उभं केलं.

"तिकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघ."

भिंतीवर तांबूस ऊन होतं आणि त्यात दोघींच्या लांब सावल्या. आईच्या हातात फोन, खाली चौकात बाई. लेकीनं आईचा पदर ओढला. "आई, चल ना. माझ्यामुळे वाट अडली तर? लोक मरतील, आई!"

आईलाही भीती होतीच. तिनं मनातल्या मनात देवाला म्हटलं, माझं चुकत असेल तर शिक्षा मला दे. आणि लेकीचा हात घट्ट धरला.

फोनमधून गर्दीचा हुंदका आला. पाठोपाठ बाईंचा खणखणीत आवाज, "गेला! इथे पुरता गेला. तिकडे?"

लेकीनं भिंतीकडे पाहिलं. डागाच्या कडेनं, मान तिरकी करून. ऊन फिकटलं होतं, पण होतं. सावल्या होत्या. तिनं हात हलवला, सावलीनं हात हलवला.

"आहे," ती अगदी हळू म्हणाली. "बाई, इथे अजून आहे."

"कुणी धरलाय?"

लेकीनं भिंतीवरच्या सावल्या मोजल्या. दोनच होत्या.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. रक्षक दोन्ही हात पसरून, डोळे मिटून बाहेर आले. "परत ये! माझ्या हाकेला ओ दे! परत..."

"तो गेला कुठे होता?" आईनं विचारलं.

रक्षकांनी डोळे उघडले. मागची मंडळीही थबकली.

"तुम्ही इथे कशा?" आवाजातलं लोणी वितळून गेलं.

"आम्ही मघापासून इथेच आहोत. खाली चौकात दिसेनासा झाला तेव्हाही इथे ऊन होतं. तुम्ही यायच्या आधीपासून."

"मी खालूनच धरून ठेवला होता!" रक्षकांनी झटकन बाजू सावरली. "माझ्याच शक्तीनं..."

"मग खालच्यांना का दिसला नाही हो?" फोनमधून बाई कडाडल्या. "आम्ही काय घोडं मारलंय? आणि वरच्यांना रोज दिसतो, तुम्ही आजारी पडलात तरी! उद्या तुम्ही चौकात थांबा, हे लोक वर थांबतील. बोला, कबूल?"

"अश्रद्धांपुढे दिवा येत नाही," रक्षक म्हणाले.

"आलाय की," मागून ते कालचे आजोबा म्हणाले. आज त्यांची पाळी होती. ते काचेकडे न बघता भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीकडे बघत होते. "ही काय माझी सावली. माझ्यापुढे तर आला." आणि कुणाची परवानगी न घेता म्हणाले, "बुडायला लागला हं आता."

कुणीतरी फसकन हसलं. कुणी त्या हसणाऱ्यावर डाफरलं. दोघीतिघी रक्षकांच्या पाया पडत राहिल्या, कारण पाया पडायची सवय एका संध्याकाळीत सुटत नाही. रक्षक मात्र 'जा आता' म्हणायचं विसरले. सूर्य त्यांच्या हुकुमाशिवाय गेला आणि भिंतीवरच्या सावल्या पुसल्या गेल्या.

"आई," लेक म्हणाली, "मग मी इतके दिवस काय धरत होते?"

"काही नाही गं, बाळ."

लेकीनं दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. "आणि माझे डोळे?"

आईनं तिला जवळ ओढलं. फोनमधून बाईच म्हणाल्या, आता हळू आवाजात, "पोरी, पूर्वेच्या खिडकीशी जा. तिथे बघायला काही धोका नाही."

दोघी गेल्या. खाली घरांची छपरं, त्यांच्यापलीकडे आभाळाच्या तळाशी एक निळसर करडा पट्टा उगवत होता. वर गुलाबी, खाली तो पट्टा, आणि हळूहळू चढत होता.

"ती पृथ्वीची सावली," बाई म्हणाल्या. "भिंतीवर मघाशी तुझी पडली ना, तशी हवेत पृथ्वीची. हीच रात्र. दोरीबिरी काही तुटत नाही. आपण फिरत फिरत आपल्याच घराच्या सावलीत जातो आणि फिरत फिरत बाहेर येतो. रोज."

लेक मान तिरकी करून बघत राहिली. एवढा मोठा पट्टा तिच्या डागात मावत नव्हता. कडांनी तो तिला पूर्ण दिसत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेव्हा तिला महाधारणेला पुढे बसायचं होतं, ती घरात पडदा ओढून झोपली होती आणि आई उशाशी बसून होती. चौकात गर्दी जमली, पण निम्मीच. बरेचजण आपणहून लिफ्ट पकडून आधीच वर जाऊन उभे होते. पुढे काही दिवसांनी रक्षक दुसऱ्या गावी गेले. तिथेही समुद्र असेल, उंच इमारत असेल आणि आपल्या माणसांची काळजी करणारी पोरं असतील, हे आठवलं की आईच्या हातातली इस्त्री अजून थांबते.

लेकीचा डाग फिकटलाय, गेलेला नाही. ती आता भिंतीवरची मोठी घड्याळं दुरुस्त करते. परवा ती आईकडे बघत म्हणाली, "तुझं नाक दिसायला लागलंय." दोघी हसल्या, मग रडल्या.

काळोखाची भीती वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. देवावर विश्वास ठेवण्यातही नाही. पण कुणी आपल्या भीतीला किल्ली देऊ लागला, की त्याला एवढंच विचारावं: तुम्ही नसताना काय होतं, ते आम्हाला बघू द्याल का? खरा असेल तो म्हणेल, बघा. आणि जो 'नको' म्हणेल, त्याच्या स्वाधीन आपली पोरं करू नका.