वाढत्या अंगाचं काडतूस

परीक्षितच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी झुरळापलीकडे काही मारलं नव्हतं. झुरळंही बहुतेक बायकांनीच मारलेली. त्यामुळे कार्डिफमध्ये बसून विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या नागपूरच्या माणसाने पंचेचाळिशीत रायफलचा परवाना काढला, तेव्हा त्याची बायको देवयानी आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "कोणावर चालवणार आहेस?"

"हरणांवर. स्कॉटलंडमध्ये हरणं बेसुमार वाढलीत. दरवर्षी थोडी मारावीच लागतात, नाहीतर नवीन झाड म्हणून उरत नाही. कॉन्झर्वेशन आहे ते."

"बरं," देवयानी म्हणाली. तिला माहीत होतं की हे वेड ऑफिसच्या डायरेक्टरकडून आलंय. त्या गृहस्थाने आदल्या वर्षी परीक्षितला सोबत नेलं होतं, स्वतःची रायफल हातात दिली होती, आणि परीक्षितने एका गोळीत एक हरिणी पाडली होती. त्या दिवसापासून तो चालतानासुद्धा खांदे जरा मागे टाकून चालायचा. हरिणीचा खिमा देवयानीने केला होता, चांगला झाला होता, आणि तो खाताना कोणालाच कॉन्झर्वेशन आठवलं नव्हतं.

स्वतःची रायफल घ्यायची ठरली तेव्हा परीक्षितने लेस्टरच्या मोहनना फोन केला. मोहन म्हणजे पेशाने डेंटिस्ट, आणि या दोघांच्या ओळखीत बंदूक चालवणारा एकमेव मराठी माणूस.

"थ्री-ओ-एट घे," मोहन म्हणाले. "साधं, स्टँडर्ड काडतूस. इथल्या हरणाला तेवढं पुष्कळ झालं. मॅग्नमचं काडतूस मोठं, त्यात दारू जास्त, गोळीला वेग जास्त. मान्य. पण खांद्याला दणकाही तसाच बसतो. आणि एकदा का त्या दणक्याची भीती मनात बसली ना, की माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. मग गोळी कुठे जाते ते देवाला ठाऊक."

परीक्षितने सगळं नीट ऐकून घेतलं आणि जाऊन मॅग्नम घेतली.

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. आपल्याकडे लहानपणी शर्ट घेतात तो वाढत्या अंगाचा. बूट घेतात तेही पुढे कापूस कोंबून घालता येतील असे. एकदाच घ्यायचं ना, मग मोठं घ्या, पुढे उपयोगी पडेल. परीक्षितनेही तोच हिशेब केला. आज स्कॉटलंडचं हरीण आहे, उद्या नॉर्वेला मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला जायची वेळ आली तर? शिवाय तो 'स्टँडर्ड' शब्द त्याला खटकला. नागपुरात एखादी वस्तू स्टँडर्ड म्हणजे उत्तम. इथे स्टँडर्ड म्हणजे ट्रेनचा साधा डबा.

"नॉर्वेतले मूस तुझी वाट बघत थांबले असतील," देवयानी म्हणाली, पण तिनेही फार ताणून धरलं नाही. फ्रीज घेताना तिने हेच केलं होतं.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच दिवशी मॅग्नमने परीक्षितचा खांदा काळानिळा केला. देवयानी हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर, तिने हाड चाचपून बघितलं, बर्फ लावला, आणि मोडलेलं नाही असं सांगितलं. पुढच्या वेळी तो घोड्यावर बोट ठेवायचा आणि त्याचं सगळं अंग आधीच आकसायचं. गोळ्या निशाण्याच्या कागदाच्या कडेला लागायच्या, कधी कागदाबाहेर. मग रेंजवर जायचं म्हटलं की त्याला ऑफिसात काम वाढलं. शनिवारी बागेतलं गवत वाढलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस आपल्याच बंदुकीला घाबरतो हे तो कोणाला सांगणार होता? देवयानीलाही सांगितलं नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. गेली कित्येक वर्षं ही दोघं परक्यांसमोर मराठी वापरत आली ती पडद्यासारखी. घर बघताना एजंटच्या तोंडावर हसतमुखाने "ओल आहे भिंतीला, हा लपवतोय" म्हणायचं. गाडी घेताना "उठ, आपण निघाल्याचं नाटक करू" म्हणायचं. समोरच्याने विचारलंच तर दोघांपैकी एकाने काहीतरी गोड भाषांतर करायचं. दोघं त्यात इतकी तरबेज झाली होती की त्याला खोटं बोलणं म्हणतात हे त्यांच्या डोक्यातही येत नसे.

ऑक्टोबरात दोघं स्कॉटलंडला गेली. त्यांना डोंगरात नेणारा माणूस कॅलम. पाहुण्याला हरणापर्यंत पोचवायचं आणि कोणतं मारायचं ते ठरवायचं हे त्याचं काम. अशा माणसाला तिकडे स्टॉकर म्हणतात. "बाईमाणसाने स्टॉकरबरोबर डोंगरात जायचं म्हणजे कमालच झाली," असं देवयानी मराठीत म्हणाली. काय म्हणते म्हणून कॅलमने विचारलं, तर परीक्षितने "ती म्हणते, डोंगर सुंदर आहेत" असं सांगून टाकलं. कॅलम खूश झाला. मोकळा माणूस, कान मोठे, बोलताना हसायचा.

दुपारी हेदरच्या ओल्या झुडपांमधून पोटावर सरपटत तिघं एका उंचवट्यामागे पोचली. समोरच्या उतारावर म्हातारा नर एकटा उभा होता. कॅलमने आपली बायनॉक्युलर देवयानीच्या हातात दिली. एवढ्या लांब आलीस तर नीट बघ, असं तो कुजबुजला, आणि स्वतः परीक्षितच्या शेजारी आडवा झाला. वरून ढग उतरायला लागला होता.

परीक्षितने रायफल खांद्याला लावली. हरीण रायफलवरच्या दुर्बिणीत, स्कोपमध्ये, स्पष्ट दिसत होतं. त्याने बोट घोड्यावर ठेवलं आणि त्याचं अंग आकसलं. दणका चुकवायला डोकं पुढे गेलं, डोळे मिटले, आणि मग आवाज झाला. स्कोपची कडा भुवईवर अशी आपटली की तो ओरडला आणि चेहऱ्यावरून रक्त वाहायला लागलं. कॅलम हरणाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे वळला.

देवयानी मात्र बायनॉक्युलरमधून बघत होती. हरीण मधोमध वाकलं, मागचे पाय फरफटले, आणि तसंच ओढत ओढत ते कड्यापलीकडे गेलं. मग ढगाने सगळं झाकलं.

"लागलं," ती म्हणाली.

"काय म्हणते ती?" कॅलमने विचारलं. तो रुमाल परीक्षितच्या भुवईवर दाबून धरत होता.

परीक्षितला तिचं म्हणणं कळलं होतं. डोळे मिटल्याचं तर त्याला पहिल्यापासूनच माहीत होतं. हरीण जखमी झालंय म्हटलं की कॅलम विचारणार, गोळी कुठे लागली, आणि परीक्षित काय सांगणार? मी बघितलं नाही?

"ती विचारतेय, मला लागलं का," तो म्हणाला.

भाषांतर म्हणून चूक काढायला जागा नव्हती. नागपुरात कोणीही तो शब्द तसाच ऐकला असता.

"आणि हरीण?"

"गोळी वरून गेली. क्लीन मिस."

कॅलमने उताराकडे बघितलं. हरीण उभं होतं ती जागा मी नेहमी जाऊन तपासतो, असं तो म्हणाला, पण रुमाल लाल झाला होता आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं होतं. "ते राहू दे. मिस तर मिस. आधी तुला खाली नेऊ."

उतरताना परीक्षितची जड रायफल कॅलमने स्वतःच्या खांद्यावर घेतली. देवयानी मागून येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "सांग त्याला. मी बघितलंय. पोटात लागलंय."

"घरी गेल्यावर बोलू."

"घर कार्डिफला आहे, परीक्षित."

ती स्वतः सांगू शकली असती. दिवसभर हॉस्पिटलमध्ये ती इंग्रजीतच बोलते, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिभेवर येईना. तो सांगेल म्हणून ती थांबली. ती सांगेल या भीतीने तो भराभर उतरत राहिला.

खाली, दोघं उतरली होती त्या लॉजमध्ये, कॅलमने स्वतःच परीक्षितच्या भुवईला चिकटपट्ट्या लावल्या. चहा आला. कॅलम स्वयंपाकीणबाईंना सांगत होता, "गोळी सुटली, आणि या बाईच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला माहितेय? नवऱ्याला लागलं का! माझ्या बायकोने आधी हरणाची चौकशी केली असती." बाई हसल्या. देवयानीने हातातला स्कोनचा गोड पाव बशीत परत ठेवला. परीक्षितचे कान तापले. त्याला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, आता बोललो तर मघाशी का नाही, असं होईल. चहा पिऊन होईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं.

रात्री पाऊस पडला. दोघं एकमेकांकडे पाठ करून पडली होती आणि दोघं जागी होती.

सकाळी दोघं नाश्त्याला बसली असताना कॅलम आत आला. टोपी भिजलेली, चेहरा हसरा. येताना वाटेत काहीतरी घोकत आल्यासारखा तो परीक्षितसमोर उभा राहिला, स्वतःच्या भुवईकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "लाग-ला?"

देवयानीने नवऱ्याकडे बघितलं.

"चुकलं का? काल ऐकला तो शब्द. रात्री बायकोला पण शिकवला. चांगला शब्द आहे." त्याने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी आणखी काळजीने. "लाग-लं?"

परीक्षितला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेत नाही, एकदा नोकरी गेली होती तेव्हा नाही. हा माणूस आपल्या खोट्याला चांगला शब्द समजून घरी घेऊन गेला होता, बायकोला शिकवला होता, आणि आता तोच प्रेमाने परत करत होता. देवयानीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"कॅलम," तो म्हणाला, "त्या शब्दाचा आणखी एक अर्थ होतो." त्याने हातातला काटा खाली ठेवला. "ती माझ्याबद्दल बोलत नव्हती. हरणाला गोळी लागली, असं म्हणत होती."

कॅलमचं हसू लगेच गेलं नाही. समजायला वेळ लागला म्हणून ते थोडं तसंच राहिलं. मग त्याने टोपी डोक्यावर चढवली.

"कोट घाला," तो म्हणाला. एवढंच.

कुत्री पुढे, मागे कॅलम, त्याच्या मागे ही दोघं. पावसाने रक्ताचे डाग धुऊन टाकले होते, त्यामुळे शोधायला वेळ लागला. कड्यापलीकडे एका ओढ्याच्या काठाखाली कुत्री थांबली. हरीण तिथे बसलं होतं. मान ताठ होती. माणसं आलेली बघून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि मागचं अंग उठलं नाही. जिवंत होतं ते. कालपासून.

परीक्षितची मॅग्नम लॉजमध्येच राहिली होती, कोणी आणायला सांगितलीच नव्हती. कॅलमने आपली झिजलेली थ्री-ओ-एट खांद्याला लावली. साधं, स्टँडर्ड काडतूस. एक आवाज झाला आणि मान खाली गेली. परीक्षितने या वेळी डोळे उघडे ठेवले होते, म्हणून त्याला सगळं दिसलं.

कॅलमने जवळ जाऊन कालची जखम बघितली. गोळी फार मागे, पोटात गेली होती. जोर भरपूर होता, आरपार गेली होती. जागा चुकली होती. तो बराच वेळ हरणाच्या मानेवर हात ठेवून उकिडवा बसला. मग त्याने परीक्षितकडे न बघता देवयानीकडे बघितलं.

"तू बघितलं होतंस."

"हो."

"तुला इंग्रजी येतं."

"हो."

"मग?"

देवयानीने तोंड उघडलं, पण इंग्रजी येईना. ती परीक्षितकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सांग त्याला. म्हणावं, मी रात्रभर तुझी लाज राखत बसले, आणि हे इथे रात्रभर मरत होतं."

कॅलमने मान वर केली. काल विचारलं होतं तसंच त्याने परीक्षितला विचारलं, "काय म्हणते ती?"

परीक्षितने एकही शब्द न गाळता सांगितलं.