माझ्या झाकणावरचा डाग

मी सागाची, लोखंडी पट्ट्यांची एक पेटी. अमरावतीतल्या एका देवळाच्या सभामंडपात, टाळ-मृदंगाच्या सान्निध्यात माझे आयुष्य गेले. तरीही त्या एका सकाळचा धक्का अजून माझ्यातून ओसरलेला नाही.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. बाजाराच्या फरसबंदीसाठी गावच्या बाजार कमिटीने लोकांकडून पैसे घेतले व कर्जरोखे दिले. नुसत्या शब्दावर पैसे कोण देणार? म्हणून विश्वस्तपत्र झाले: कापसाच्या प्रत्येक गाडीवरच्या कराची पट्टी माझ्यात पडावी, किल्ली विश्वस्त खुशालरावांकडे राहावी, आणि रोखेवाल्यांचे पैसे फिटेपर्यंत कमिटीनेही मला हात लावू नये. खुशालरावांनी बेलभंडार उचलून तशी शपथ घेतली आणि किल्ली आपल्या तुळशीच्या माळेत ओवली.

देवाला रोज हार देणाऱ्या गोदाबाई माळिणीने गळ्यातली सरी मोडून एक रोखा घेतला होता. मुदत भरताच त्या पैशांतून तिला मळ्यात विहीर खणायची होती.

मग लढाई संपल्याची तार आली आणि भाव कोसळला. कमिटीचे वामनराव धावत आले, "पेटी उघडा जी, कमिटीची नड हाय."

"कागद तसं म्हनत नाही," खुशालराव म्हणाले. वामनराव परतले, पण कमिटी एक दिवस पेटी फोडेल अशी भीती खुशालरावांच्या मनात बसली. दुसऱ्या दिवशी स्नान करून ते माझ्यापाशी आले. ओंजळीत पाणी आणि तुळशीपत्र घेऊन म्हणाले, "देवा, हे समदं आता तुहं. आता कोन हात लावते पाहू." आणि पाणी माझ्या झाकणावर सोडले.

मी थिजले. ज्यांनी मला कमिटीपासून राखले, त्यांनीच मला देऊन टाकले होते.

मुदत भरली. गोदाबाई आली.

"तुहे पैसे देवाले वाहिले, बाई," खुशालराव शांतपणे म्हणाले.

गोदाबाईच्या हातातला हार तसाच राहिला. "सरी माही मोडली, अन् वाहून तुमी राहिले? पुन्य तुमाले, उपास मले? देवानं तरी इचारलं असतं, कोनाचे आनले मनून."

खुशालरावांची माळ बोटांतच थांबली. किती तरी वेळ ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोके टेकून होते. "दुसऱ्याचं ताट मी तुले वाढलं, देवा," एवढेच शब्द मला ऐकू आले.

त्याच दिवशी वाहिलेल्या पैशांच्या बदल्यात त्यांनी आपली पांढरीशुभ्र बैलजोडी देवळाला अर्पण केली. संकल्प त्यांचा होता, तेव्हा अर्पणही त्यांच्याच दावणीतून गेले. मग माळेतून किल्ली काढून त्यांनी मला उघडले. पहिले पैसे गोदाबाईच्या पदरात पडले, मग इतर रोखेवाल्यांच्या.

तिच्या विहिरीला पाणी लागले. खुशालराव पुढे पायीच देवळात येत.

आता माझ्यात वाती आणि कापूर असतो. झाकणावर तुळशीपानाएवढा काळा डाग आहे. सणावारी पुजारी तो घासू पाहतात. बाबांनो, तो राहू द्या. माझ्या स्वाधीन काही करणाऱ्याने आधी तो पाहावा, आणि किल्ली घेणाऱ्याने त्याहून आधी.