मागे राहिलेली शीव

तळहातावर गारगोटी — सुपारीएवढी, एका अंगाला काळा कातळ चिकटलेला, दुसऱ्या अंगाला खडीसाखर फुटल्यागत पांढरीशुभ्र — तुळसाबाईने ती उन्हाकडे धरली आणि भिरकावून दिली. असल्या गारगोट्या या डोंगरधारेवर पैशाला पासरी! इथला दगडन्‌दगड तिच्या ओळखीचा. लग्न होऊन याच वाटेने तर ती सासरी आली होती.

"आई, मामाच्या घरी येशीन ना?" पुढे चाललेल्या लेकीने, वैभवीने, विचारलं.

"वीरगळाले शेंदूर लावतो अन् वापस. शिवेच्या अलीकडूनच."

पलीकडच्या उतारावर माहेर. तिथे दौलतभाऊ — लकवा मारलेला, कालच वाशीमच्या दवाखान्यातून घरी आणलेला, जीभ लुळी पडलेली... पडू दे. याच वैभवीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी सख्खा मामा आला नव्हता, मानपानावरून रुसून घरी बसला होता, आणि पोरीला मांडवात शेजाऱ्याने आणलं होतं. तेव्हा तुळसाबाईने शिवेवरच्या चंद्रसूर्य कोरलेल्या दगडाची आण घेतली होती — हा ओलांडीन तर बापाची लेक नाही!

वीरगळावरचा घोडेस्वार झिजून नुसता उंचवटा राहिला होता. त्याला शेंदूर लावून ती आणखी थोडी चढली, दम लागला तशी वाटेतल्या सपाट दगडावर टेकली, पाणी प्याली, पुन्हा निघाली. पुढे खांब रचल्यासारखे उभे काळे कातळ, त्यांच्याखाली लाल मातीचा पट्टा... शिवेवर उभं राहायचं, भावाचं घर लांबून बघायचं आणि ताठ मानेने फिरायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. पण वाट उतरू लागली, माहेरची तुरीची शेतं दिसू लागली, तरी दगड येईना.

"काय वं, शिवेचा दगड कुठी गेला?"

वैभवी थांबली. "ज्याच्यावर बसून पानी पेली तू, तोच. पालथा पडेल हाय."

"अन् बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तू तिथूनच फिरली असती."

कार्टी! तुळसाबाई खवळायला निघाली — आणि अडखळली. आण मोडली होती, बसून, पाणी पिऊन मोडली होती, आणि ऊन होतं तसंच होतं. तिने छातीतला राग चाचपला, इतकी वर्षं तो हाक मारताच हजर व्हायचा... आज हाती लागेना. त्याच्या जागी होती ती भाऊ कायमचा तुटण्याची भीती, आणि ती आजची नव्हती, आपण रागावलो होतो तेव्हाही ती तिथेच होती, हे तिला उभ्या उभ्या कळलं. मागे जावं की पुढे, हे काही सुचत नव्हतं. भाऊ आता आपल्याला ओळखेल का, एवढंच मनात येत होतं.