विमानाला दाखवलेली झेंडी

वच्छलेनं तांदळाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि नवऱ्याची लाल झेंडी पार तळाशी दाबली. वरचे तांदूळ सारखे केले, झाकण लावलं आणि झाकणावर स्वतःच बसली.

"आता बोला. कोन म्हंते तुमच्यापाशी झेंडी होती?"

"अवं, मी फाटकवाला हाये. माह्यापाशी झेंडी नाही त काय बासरी असन?" शालिकराम दारातूनच म्हणाला. "उद्या गाडी थांबवाची पाळी आली त काय दाखवू? तुयं लुगडं?"

"दाखवा. लालच हाये."

शालिकराम कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवरचं फाटक सांभाळायचा. भिलाईत तेव्हा पोलादाची भट्टी उभी राहत होती आणि जो तो घाईत होता. एका बड्या ठेकेदारानं तर आपलं छोटं विमान उतरवायला जुनवानी गावाच्या अंगाला, शालिकरामच्या फाटकाजवळच, मुरमाची लांबलचक पट्टीच करून घेतली होती. विमान यायचं कधीमधी, ऊन मात्र रोजचं. त्यामुळे नागपूरकडून आलेल्या बाया त्या पट्टीवर उन्हाळाभर कुरड्या वाळवत. इतकी सपाट, स्वच्छ आणि फुकट जागा साऱ्या भिलाईत दुसरी नव्हती.

विमान आलं त्या दिवशी वच्छलाही तिथंच होती. पट्टीवर पाठमोऱ्या बसलेल्या बायांच्या रोखानं विमान खाली यायला लागलं आणि शालिकरामनं नोकरीत जे शिकवलं होतं तेच केलं. लायनीवर माणूस दिसला की लाल झेंडी. फाटकाच्या खांबावर चढून तो जीव खाऊन झेंडी हलवत राहिला. विमान पुन्हा वर गेलं. त्यानं एक चक्कर घेतली, मग त्याचा आवाजच बंद झाला आणि ते पलीकडच्या शेतात आदळलं. ठेकेदार साहेब स्वतः चालवत होते. ते गेले. सोबतचा मेकॅनिक भय्याजी हात मोडून वाचला.

विमान हवेत थांबत नसतं, थांबलं की पडतं, हे शालिकरामला नंतर कुणीतरी समजावून सांगितलं. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना.

"मीच म्हटलं थांब. थांबला, आन् पडला. मानूस मारला वच्छला मी."

"तुमचं घरात कोनी ऐकत नाही, आन् विमान ऐकन?" वच्छला म्हणाली. "चौकशीवाल्या साहेबापाशी तोंड उघडलं त पाहा. नोकरी जाईन, मंग खाजा ते झेंडी."

चौकशीसाहेब मुंबईहून आले होते. ते रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसले होते. त्यांना मराठी येतं हे कळल्यावर अर्धी वस्ती आपापलं कारण घेऊन हजर झाली. हॉटेलवाल्या आनंदरावांच्या मते इंजिनात कारखान्याची धूळ गेली. गिरजाबाईनं सांगितलं, दिवस अमावस्येचा आणि विमानाला साधं लिंबू बांधलेलं नाही, पडणार नाही तर काय! फकिरानं भट्टी बांधायला आलेल्या रशियन साहेबांना विमानाचा फोटो काढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. दृष्ट लागली, दुसरं काही नाही. प्रत्येक जण सांगून झाल्यावर मिशीला पीळ देत बाजूला बसे. गिरजाबाईनं पदर सावरला.

मग शालिकराम पुढं आला. अंगात धुतलेला खाकी डगला होता.

"तुम्हाला काय दिसलं?" साहेबांनी विचारलं.

"दिसलं नाही जी. मी केलं."

शालिकरामनं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि बाजूला मोडका हात गळ्यात बांधून बसलेल्या भय्याजीकडे पाहिलं.

"तुम्ही झेंडीचं काही बोलला नाहीत?"

"कोनती झेंडी?" भय्याजी जमिनीकडे पाहत म्हणाला. "आमाले नाही दिसली, साहेब. तितक्या उंचावरून कुठची दिसते?"

"ऐका," साहेब शालिकरामला म्हणाले. "विमान पेट्रोल संपून पडलं. टाकी कोरडी होती. तुमच्या झेंडीचा काही संबंध नाही. जा घरी, जेवा."

लोक हसले. गिरजाबाईला मात्र ते अजिबात पटलं नाही. "इतका मोठा मानूस, आन् नुसता पेट्रोलनं मेला?" असं ती वाटेत भेटेल त्याला विचारत गेली.

शालिकरामला दोन दिवसांनी कडकडून भूक लागली. आनंदरावांच्या हॉटेलात त्यानं भजी मागवली, एवढ्यात भय्याजी येऊन समोर बसला.

"मी तिथं खोटं बोललो, भाऊ. झेंडी ठेकेदार साहेबानं पाह्यली होती."

शालिकरामच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

"हासले. म्हने, पाह्य भय्याजी, हा आपल्याले मालगाडी समजून राह्यला. मंग झेंडीपाशी खाली नीट पाह्यलं, तवा पट्टीवरच्या बाया दिसल्या. त्याच्याआंधी दिसल्याच नव्हत्या. म्हने, बरं झालं बाप्पा. आन् वर घेतलं."

"मंग माह्याच्यानंच झालं."

"तुमच्याच्यानं कावून? रायपूरहून निंगताना साहेबानं मले इचारलं होतं, पेट्रोल पुरन काय. मी न पाह्यता म्हटलं, पुरन. पुरलंच असतं. एका चकरीनं कमी पडलं."

"पन ते चक्कर माह्यी न!"

"पेट्रोल मायं होतं!"

हॉटेलात बिल कोणी द्यायचं यावरून सोयरे भांडतात, तसे दोघं भांडू लागले. कुणीच मागं हटेना. आनंदराव ऐकून ऐकून कंटाळले आणि भज्यांच्या कढईकडं वळले.

तेवढ्यात वच्छला शोधत आली. नवऱ्यापुढं भज्यांची बशी पाहून तिनं काय ते ओळखलं.

"सांगून आले न? काय म्हनले साहेब?"

शालिकराम तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "पेट्रोलनं पडलं म्हंते."

"मी काय म्हटलं होतं?" ती भय्याजीकडे वळली. "पाहा भाऊ, परवापासून उपाशी हायेत. म्हने, विमान ह्यायचं ऐकलं."

भय्याजीनं मान वर केली. "वहिनी, त्या दिवशी पट्टीवर तुमी होत्या?"

"होती न. आमी बायाच बाया होतो. आवाज आला तवा मान वर केली, त बाप्पा, डोक्यावरच होतं. मंग गेलं वर."

भय्याजीनं चांगल्या हातानं बाक पुसला. "बसा वहिनी. चहा घ्या," तो म्हणाला, आणि एकाएकी हुंदके देऊन रडू लागला.

वच्छला गोंधळली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही डोळे पुसत होता. ती घाईघाईनं बाकावर टेकली.

"घेतो न भाऊ, घेतो चहा. त्याच्यासाठी रडता कावून?"