सहावा रकाना

आधी मेण, मग त्यावर पिंजर, मग करंगळीने कडा गोल करायची. यमुनाबाईंना या कामाला आरसासुद्धा लागत नसे. तरी त्या रोज आरशासमोर उभ्या राहत. कुंकू जरा वाकडं गेलं की दिवसभर कुणी ना कुणी बोट दाखवी, आणि रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोट दाखवून घेणं परवडत नाही. त्या गुरुवारी मात्र त्यांचा हात दोनदा थांबला. आप्पा येणार होते.

आप्पा म्हणजे शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या छपराची कौलं त्यांनीच दारोदार फिरून मिळवली होती. पण शाळा म्हणजे आपलं घर आणि घरात आपलाच शब्द, ही गाठ त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. त्यांनी ऑफिसात चहा घेतला आणि दमयंतीबाईंचा गोपनीय अहवाल पुढे सरकवला.

दमयंती गणित शिकवायची. जूनमध्ये तिला दोन वर्षं पुरी होत होती. अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मागच्या फाल्गुनात तिचा नवरा काविळीने गेला होता. घरात म्हातारी सासू, चार वर्षांची मुलगी, आणि मिळवती ही एकटी.

‘सहावा रकाना बघा,’ आप्पा म्हणाले. ‘पोशाख व वर्तन. तिथे असमाधानकारक लिहा.’

‘का? तिच्या वर्गाचा निकाल तर...’

‘निकालाचं कोण बोलतंय? वर्ष सरलं नाही अजून, आणि बाई टिकली लावून, हिरव्या काठाचं पातळ नेसून वर्गावर! पालक मला विचारतात, मुलींनी यातून काय शिकायचं? तुम्ही मोठ्या आहात, समजावून सांगा. टिकली उतरली तर खुशाल समाधानकारक लिहा. पण शनिवारच्या आत. सकाळी कमिटी आहे आणि दुपारी हळदीकुंकू, सगळ्या आया येणार.’

यमुनाबाईंना आठवलं, ड्रॉइंगच्या सरांची बायको गेली तेव्हा ते चौदाव्या दिवशी नवा टेरिकॉटचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या सहाव्या रकान्यात यमुनाबाईंनी स्वतःच्या हाताने ‘उत्तम’ लिहिलं होतं. हे आप्पांना सांगावं असं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ‘बरं, बोलते,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी दमयंतीला ऑफिसात बोलावलं. बाहेर शिपाईण सखू व्हरांडा झाडत होती. यमुनाबाईंनी आडून, वळणावळणाने सांगितलं. जनरीत, पालक, पोरीचं भवितव्य. दमयंतीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

‘बाई, मी टिकली लावते ती पहिलीपासून. आईने पाटीबरोबर लावून पाठवली होती. तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं? ह्यांनी दिलेलं मंगळसूत्र मी काढून ठेवलं. पण जे ह्यांनी दिलंच नव्हतं, ते हे गेले म्हणून कसं जाईल?’

‘अगं, नोकरीचा प्रश्न आहे.’

‘ठाऊक आहे. पण माझी मुलगी रोज सकाळी माझ्याकडे बघून हसते, बाई. पहिले दोन महिने मी मोकळ्या कपाळाने फिरले, तर ती माझ्याजवळ यायला घाबरायची. तुम्हाला लिहायचं ते लिहा.’

ती तासाला निघून गेली. सखू आत आली आणि उगाचच टेबल पुसू लागली. तिचा नवराही जाऊन वीस वर्षं झाली होती.

‘तुला कधी कुणी काही बोललं का गं?’ यमुनाबाईंनी विचारलं.

‘माजा कपाळ कोनाला दिसत नाय, बाय,’ सखू म्हणाली. ‘झाडू तेवडा दिसतो.’

तो दिवस आणि शुक्रवार यमुनाबाईंना कुठेच चैन पडेना. वर्गावर गेल्या तर धडा चुकला, घरी आल्या तर भात करपला. अहवाल पिशवीत होता आणि सहावा रकाना कोरा होता. पण खरी टोचणी वेगळीच होती, आणि ती साऱ्या रत्नागिरीत त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

त्यांचे यजमान जहाजावर असतात, असं गाव धरून चालत होतं. गेले होते खरे जहाजावरच, तेरा वर्षांपूर्वी. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. मुंबईच्या कचेरीतून कळलं की ते परदेशी कुठल्याशा बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. मेले, की दुसरा संसार मांडला, देव जाणे. दाभोळला सासूबाई म्हणाल्या, ‘कुंकू पुसू नको हां सुनबाई, तो येयल.’ पुढे सासूबाईही गेल्या. यमुनाबाई मात्र रोज सकाळी मेण लावून नवऱ्याला जिवंत करीत आणि कुणी विचारलंच तर ‘जहाजावर आहेत’ म्हणत. त्या कुंकवाच्या जोरावर त्यांना खोली भाड्याने मिळाली, मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाली, दर संक्रांतीला पहिल्या वाणाचा मान मिळाला. आणि आता त्यांनीच, ज्यांच्या कुंकवाला ना पत्त्याचा आधार ना पत्राचा, दमयंतीला टिकली उतरवायला सांगितलं होतं! त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी की शनिवारी सकाळी मेणाची डबी उघडली आणि तशीच मिटली.

त्या शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला, एक फिकट गोल डाग तेवढा होता. सखूच्या हातातली घंटा वाजायची राहिली.

‘बाय, काय झाला? तार आली काय?’

पाच मिनिटांत ही बातमी शाळाभर झाली. त्या कमिटीच्या खोलीत शिरल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. आप्पांचा आवाज खरोखरच भरून आला होता. ‘बाई, कधी कळलं?’

‘काहीच कळलं नाही, आप्पा. अकरा वर्षं काहीच कळलेलं नाही. मी कुंकू लावलं तेव्हा तुम्ही त्यांना जिवंत धरलंत, आज लावलं नाही तर उठून उभे राहिलात. माझं कपाळ म्हणजे काय बंदरातला बावटा आहे?’

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली, पण यमुनाबाई बसल्या नाहीत. ‘कमिटीने आधी ठराव करावा की माझे यजमान आहेत की नाहीत. मग मी कपाळाचं बघेन. तोवर माझ्या सहाव्या रकान्यात काय लिहायचं ते लिहा. दमयंतीबाईंचा मी भरला आहे.’

अहवाल त्यांनी टेबलावर ठेवला. सहाव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘समाधानकारक. शाळेस शोभेल असा.’ खाली सही होती.

‘हे महागात पडेल, बाई,’ आप्पा हळू आवाजात म्हणाले. ‘सोमवारी लेखी खुलासा द्यावा लागेल.’

‘देईन.’

दुपारी हॉल आयांनी भरला. ओळ लागली. यमुनाबाईंनी कोयरी हातात घेतली तशी कुजबुज झाली. अशा कपाळाच्या बाईने कुंकू लावायचं? पाच-सहा जणी पदर सावरत दाराकडे निघाल्या. आपल्या हातून शाळेचं काही बिघडतंय का, अशी एक भीती यमुनाबाईंनाही चाटून गेली. तरी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दमयंतीजवळ त्या गेल्या आणि तिच्या टिकलीखाली त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं. दमयंतीचे डोळे तेवढे भरले.

‘तुम्हाला लावू, बाई?’

‘मला आज नको. वाटेल तेव्हा मीच लावीन.’

मग त्या दाराशी वळल्या. तिथे सखू रिकामं ताट छातीशी धरून उभी होती. ती एक पाऊल मागे सरली.

‘मला नको, बाय. लोक काय म्हनतील?’

‘लोक इथेच आहेत, सखू. त्यांना म्हणू दे.’

सखूने सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं. मग ताट खाली ठेवलं.

‘थांबा हां बाय. हात-तोंड धुऊन येते.’

यमुनाबाई कोयरी धरून थांबल्या. मागची ओळही थांबली.